कुंकू लावलेली बॅटरी

शिवदास घरत हा माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला तसं वाटायची शक्यता आहे. उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात तो सुपरवायझर आहे आणि दिवसभर वॉकीटॉकीवरून लोकांना काय करायचं ते सांगतो. घरी आल्यावर वॉकीटॉकी खाली ठेवतो, सांगणं मात्र चालूच राहतं. डॉक्टरनं तुळशीला विचारलं, काय होतंय, तर शिवदास सांगतो, "हिचं डोकं दुखतं." साडीवाल्यानं विचारलं, ताई कुठला रंग दाखवू, तर शिवदास सांगतो, "निळा." तुळशीला निळा रंग आवडत नाही. तिच्या कपाटात नऊ निळ्या साड्या आहेत.

ही तुळशी त्याची बायको, आणि गावच्या बालवाडीत अकरा वर्षं मदतनीस. पोरांची नाकं पुसायची, खिचडी ढवळायची, रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. पोरं तिला तुळशीमावशी म्हणतात, पोरांच्या आयाही मावशीच म्हणतात. शिकवणाऱ्या बाई दिवाळीनंतर निवृत्त होणार होत्या. संस्थेनं तुळशीला सांगितलं होतं की बालशिक्षणाची पदविका दिवाळीच्या आत दाखव, तुला बाई करतो, नाहीतर पनवेलकडून कुणीतरी आणावी लागेल. तुळशीनं दोन वर्षं कुकरच्या शिट्ट्या मोजत पुस्तकं वाचली, पाच पेपर दिले, पाचही काढले. सहावा आणि शेवटचा पेपर गुरुवारी अकरा वाजता होता. घरीच, एकट्यानं, बंद खोलीत, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर बसून द्यायचा. मोबाइलवर तो उघडत नव्हता. हुकला तर पुढचा थेट एप्रिलमध्ये.

आणि बुधवारी संध्याकाळी गावच्या ग्रुपवर वायरमनचा मेसेज आला: उद्या लाइनचं काम, सकाळी नऊ ते पाच लाइट बंद.

घरातला लॅपटॉप छोटा आणि जुना, भाच्यानं वापरून दिलेला. त्याची स्वतःची बॅटरी केव्हाच वारली होती. वायर भिंतीत असेल तोवर चालायचा, वायर हलली की डोळे मिटायचा. तुळशी वायरमनचा मेसेज परत परत वाचत ओट्यावर बसली होती, तेव्हा शेजारचा विठोबा म्हात्रे आला. विठोबाचे दोन ट्रेलर आहेत आणि घरी मोठा इन्व्हर्टर.

"वयनी, आमच्याकडं या उद्या. माडीवरची खोली रिकामी हाय, पंखापण हाय."

तुळशीनं तोंड उघडलं. शिवदासनं उत्तर दिलं.

"गरज न्हाय. आमची सोय हाय."

कसली सोय, हे त्या क्षणी त्यालाही माहीत नव्हतं. पण शिमग्यात विठोबाच्या ट्रेलरनं त्याच्या गाडीचा आरसा उडवला होता, आणि विठोबा "आरसाच तर हाय" असं म्हणाला होता. अशा माणसाच्या पंख्याखाली आपली बायको पेपर देणार, हे शिवदासला जमण्यासारखं नव्हतं.

जेवताना त्याला सोय आठवली. एका वादळाच्या धसक्यानं त्यानं एक डबा आणून ठेवला होता. डब्याला एका बाजूनं लाल आणि काळा चिमटा, दुसऱ्या बाजूला प्लगची जागा. चिमटे गाडीच्या बॅटरीला लावायचे, लॅपटॉप डब्याला लावायचा, झालं काम. डबा अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता.

"आधी लावून बघूया का?" तुळशी म्हणाली.

"बघायचं काय त्यात? रोज चाळीस-चाळीस टनाचे कंटेनर उचलतो मी."

तो उचलत नाही. क्रेन उचलते. तो खालून हात दाखवतो.

गुरुवारी नऊला दोन मिनिटं कमी असताना लाइट गेली. एरवी वेळेशी ज्यांचा काही संबंध नसतो अशी माणसंही नेमक्या दिवशी वेळ पाळतात. शिवदास पाना घेऊन निघाला. गाडी देवळासमोरच्या पटांगणात उभी असते, कारण त्याच्या गल्लीत समोरून सायकल आली तरी एकानं कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. तेव्हा बॅटरी काढून घरी आणणं भाग होतं.

आता या बॅटरीची हकिगत सांगायला हवी. मागच्या वर्षी दसऱ्याला तुळशीनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि कुंकवाचा डाग होळीपर्यंत गेला नाही. म्हणून या दसऱ्याला शिवदासनं हुकूम काढला: बाहेरच्या रंगाला बोट लावायचं नाही, बॉनेट उघडून आत पूजा करायची, खरं यंत्र आत असतं. तुळशीनं आत वाकून बघितलं. सगळं काळंकुट्ट. त्यातल्या त्यात पूजा करण्यासारखी एकच वस्तू दिसली, ती बॅटरी. तिनं खोबरेल तेलात कालवून वायरी जोडतात त्या दोन बोंडांपैकी एकाला कुंकू लावलं, दुसऱ्याला हळद, मधे आपट्याची पानं, आणि उरलेली हळद सगळ्या पाठीवर. तेल अशासाठी, की नुसतं कुंकू झडून जातं. प्लस-मायनसच्या खुणा त्या हळदीखाली गेल्या. वायरीवरची लाल टोपी तर आधीच्या मालकाच्या काळातच हरवली होती.

तर हा दहा-बारा किलोचा ठोकळा, हळदीकुंकवासकट, पोटाशी धरून शिवदास गल्लीतून निघाला आणि प्रत्येक ओट्यावरून सल्ला आला. कुणी म्हणालं, शर्टाला लावू नको, अॅसिडनं भोक पडतं. कुणी म्हणालं, बॅटरी जमिनीवर ठेवू नको, उतरते. विठोबाची बायको गोदूबाई सतरंज्या झटकत होती, तिनं हात जोडले आणि विचारलं, "विसर्जनाला नेता का?" शिवदास बॅटरी सावरत पुढं गेला.

दहा वाजता बॅटरी टेबलाखाली बसली. दहा वाजून बारा मिनिटांनी शिवदासनं चिमटे हातात घेतले.

"कुठला प्लस, ते पुसून बघा की," तुळशी म्हणाली.

"पूजेचं आपण पुसायचं नसतं, आपोआप जातं. आणि पुसायची गरज काय? लाल ते प्लस. सगळ्या जगात लाल ते प्लस." असं म्हणून त्यानं लाल चिमटा कुंकवाला लावला आणि काळा हळदीला.

टाच् असा आवाज झाला. निळी ठिणगी उडाली. शिवदासनं हात झटकला, लाल चिमटा भिंतीवर आपटला, त्याची स्प्रिंग पलंगाखाली कुठंतरी गेली आणि खोलीत जळका वास पसरला. डब्यावरचा दिवा लागलाच नाही.

तुळशी काही बोलली नाही. ती बोलली असती तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. तिनं फक्त घड्याळाकडं बघितलं, पदर खोचला आणि त्याला न विचारता बाहेर गेली. दोन मिनिटांत विठोबाला घेऊन आली.

"भावजी, तुमच्या माडीवर..."

"वयनी, आता कसं जमंल? काल हा न्हाय म्हणाला, म्हणून गोदूनं बचतगटाच्या बायका बोलावल्यात. बावीस बायका बसल्यात वर." विठोबानं गुडघे टेकून बॅटरी बघितली, डबा हुंगला आणि शिवदासकडं मान वर केली. "लाल चिमटा कशाला लावलास?"

"लाल बोंडाला."

"अरे, ते कुंकू वयनींनी लावलंय, कंपनीनं न्हाय." त्यानं दोन्ही बोंडं चिमटीत धरून बघितली. "जाडं बोंड प्लस, बारकं मायनस. हळद लागलीय ते जाडं हाय. फ्यूज उडालाय तुझ्या डब्याचा. गाडीत असाच हिरवा फ्यूज असंल, चावी दे."

आयुष्यात पहिल्यांदा शिवदासनं विठोबाला गाडीची चावी दिली. विठोबा पळत गेला. तो ट्रेलरवाला आहे, पोट सुटलेलं आहे, गुडघ्याचं दुखणं आहे, तरी तो पळत गेला हे शिवदासनं दारातून बघितलं आणि शिमग्यातल्या आरशाबद्दल त्याला थोडं कसंतरी वाटलं. दहा अडतीसला डब्याचा दिवा लागला. दहा एकेचाळीसला लॅपटॉपनं डोळे उघडले आणि तुळशीनं त्याला मोबाइलचं नेट जोडलं. लाल चिमट्याला आता स्प्रिंग नव्हती, म्हणून विठोबानं तो सुतळीनं हळदीच्या बोंडाला बांधला.

"हात लावू नको त्याला," तो म्हणाला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. शिवदास स्वयंपाकघरात गेला. तुळशीनं दार लावलं.

पडद्यावर बाईचा आवाज आला. पर्यवेक्षक मॅडम कुठून बोलत होत्या देव जाणे, दिसत नव्हत्या. "नमस्कार तुळशी शिवदास घरत. लॅपटॉप फिरवून खोली दाखवा. भिंती. छत. टेबलाखाली." टेबलाखाली कॅमेरा थांबला. "ते काय आहे? देव आहे का?"

"बॅटरी आहे, मॅडम. दसऱ्याची पूजा आहे तिच्यावर. गावात लाइट नाही."

"ठीक आहे. साठ प्रश्न, नव्वद मिनिटं. खोलीत दुसरी व्यक्ती नको, दुसरा आवाज नको. मधेच बाहेर पडलात तर एकदा परत घेईन. दुसऱ्यांदा पडलात तर पेपर बंद."

अकराला पेपर सुरू झाला. स्वयंपाकघराच्या दाराच्या फटीतून शिवदासला टेबलाचा एक पाय आणि सुतळी दिसत होती. तो सुतळीकडं बघत उभा राहिला. यार्डात तीस फुटांवर लटकणाऱ्या कंटेनरकडंही त्यानं कधी असं बघितलं नव्हतं. खोबरेल तेल सुतळीत मुरत होतं. अकरा वाजून नऊ मिनिटांनी सुतळी घसरली, चिमटा कलला, आणि तुळशीचा सातवा प्रश्न अंधारात गेला.

शिवदास चार पायांवर आत आला. टेबलाखाली शिरला, चिमटा दोन बोटांनी बोंडावर दाबून धरला. वर लॅपटॉप हळूहळू उठायला लागला. त्याला उठायला तीन मिनिटं लागतात. त्या तीन मिनिटांत तुळशीच्या पायाचा अंगठा फरशीवर टकटक करत सेकंद मोजत होता आणि शिवदासला तो दिसत होता.

"मी असाच बसतो," तो कुजबुजला. "कॅमेऱ्यात मी दिसत न्हाय. बोलू नको काही."

मॅडमचा आवाज परत आला. "घरत, तुम्ही एकदा बाहेर पडलात. काय झालं?"

शिवदासनं खालून तिच्या पायाला बोट लावलं. वायर सैल झाली होती, सांग. तेवढंच सांग. तुळशीनं पाय मागं घेतला.

"मॅडम, वायर सुटली होती," ती म्हणाली. "आणि आता टेबलाखाली माझे मालक आहेत. वायर धरून बसलेत. त्यांनी सोडली तर परत बंद पडेल. मला खोटं सांगता येत नाही."

संपलं, असं शिवदासला वाटलं. दोन वर्षं, पाच पेपर, सगळं. बायकोच्या खरेपणाचा इतका राग त्याला कधी आला नव्हता, आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

"त्यांना समोर येऊ द्या," मॅडम म्हणाल्या.

शिवदास गुडघ्यांवर वर आला. एक हात टेबलाखाली, केसांत जळमट, कपाळावर हळद. पडद्याच्या कोपऱ्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

"तुम्ही काय करता?"

"सुपरवायझर आहे, मॅडम."

"बालशिक्षणातलं तुम्हाला काही येतं?"

आता हा प्रश्न शिवदासला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याला सगळ्यातलं येतं अशीच घरात पद्धत होती. त्यानं घसा साफ केला.

"तसं... थोडंफार..."

"नीट विचार करून सांगा. तुम्हाला येत असेल तर मला पेपर बंद करावा लागेल. रेकॉर्डिंग चालू आहे."

तुळशी त्याच्याकडं बघत नव्हती, पडद्याकडंच बघत होती.

"मला काही येत न्हाय," शिवदास म्हणाला.

"मोठ्यानं."

"मला यातलं काहीच येत न्हाय, मॅडम. सगळं तिलाच येतं."

मॅडमनी माइक बंद केला. कुणालातरी विचारत असाव्यात. मग म्हणाल्या, "कॅमेऱ्यात दिसाल असे बसा. तोंडाला रुमाल बांधा. रुमाल हललेला दिसला तर मी पेपर बंद करेन. घरत, तुमची वेळ परत सुरू झाली आहे."

तुळशीनं पाठीमागं जाऊन त्याच्या तोंडाला नॅपकिन बांधला. गाठ घट्ट मारली. इतकी घट्ट मारायची गरज होती का, यावर शिवदास पुढं कित्येक दिवस विचार करत होता.

साडेअकराला बचतगटाच्या बायका चहासाठी खाली उतरल्या आणि गल्लीतल्या खिडकीतून गोदूबाईला जे दिसलं ते असं: शिवदास जमिनीवर बसलेला, तोंड बांधलेलं, एक हात टेबलाखाली अडकलेला, आणि तुळशी शांतपणे लॅपटॉपवर काम करतेय. गोदूबाईनं पदर तोंडाला लावला. दोन मिनिटांत खिडकीत बावीस बायका झाल्या. शिवदासनं डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला की तसं काही नाही. त्यामुळं ते आणखीनच तसं दिसलं.

"अगो, शेवटी बांधला तिनं," कुणीतरी हळूच म्हणालं, पण एवढं हळूही नाही.

तुळशीचं बोट थांबलं. मॅडमना ते ऐकू गेलं नसावं. आणि मग ओट्यावरून विठोबा उठला. तो एक शब्दही न बोलता बायकांसमोर जाऊन उभा राहिला आणि हात जोडले. गोदूबाईला नवऱ्यानं हात जोडलेले पाहायची सवय नव्हती. ती गप झाली, मग सगळ्या गप झाल्या. म्हावरं विकणारी ठमाबाई डोक्यावर टोपली घेऊन वळणावर आली, ओरडायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात विठोबानं धावत जाऊन तिची टोपली उतरवून घेतली आणि सगळे बोंबील न मोजता घेतले. तासभर त्या गल्लीत कुणी शिंकलंही नाही.

बारा वाजून आठ मिनिटांनी डबा टीटी वाजायला लागला.

"हा आवाज कसला?"

"बॅटरी उतरतेय, मॅडम." तुळशीच्या कपाळावर घाम होता. "अजून चौदा प्रश्न आहेत."

फक्त रविवारी फिरणाऱ्या गाडीची बॅटरी ती, तिला एवढ्या कामाची सवय नव्हती. शिवदासला माहीत होतं काय करायचं. पडद्याचा उजेड कमी केला की लॅपटॉप कमी खातो. एवढंच सांगायचं होतं, चार-पाच शब्द, आणि सांगणं हे तर त्याचं आयुष्यभराचं काम. त्यानं मोकळा हात वर केला. बोटं उघडली आणि हळूहळू मिटली. मग पडद्याकडं बोट केलं. परत मिटली.

"साहेब, काय चाललंय?" मॅडम म्हणाल्या.

पण एकोणीस वर्षांच्या संसारात तुळशीला पहिल्यांदाच त्याच्याकडं शब्दांशिवाय बघायला मिळालं होतं. तिनं त्याच्या हाताकडं बघितलं, डोळ्यांकडं बघितलं आणि पडद्याचा उजेड अगदी खाली आणला. टीटीचं अंतर वाढलं. मग थांबलं. मॅडमनीही पुढं काही विचारलं नाही.

सत्तावन्नावा प्रश्न शिवदासला तिरक्या नजरेनं वाचता आला. एक मूल वर्गात बोलत नाही, कारण घरी त्याच्या वतीनं दुसरं कुणीतरी उत्तर देतं. शिक्षिकेनं काय करावं? पर्याय ब होता: पालकांकडून उत्तर समजून घ्यावं. पर्याय ड होता: मुलाला वेळ द्यावा आणि इतरांना गप्प बसवावं. शिवदासच्या मते उत्तर उघड उघड ब होतं. तुळशीनं प्रश्न वाचला. मग नॅपकिन बांधलेल्या नवऱ्याकडं एकदा बघितलं, आणि तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं ड वर टिचकी मारली.

नॅपकिनच्या आत शिवदास तळमळला. अगं, ब. ब लाव. ओठ हलवले असते तर पेपर गेला असता, म्हणून त्यानं ते दातांखाली दाबून धरले.

बारा सव्वीसला तुळशीनं "सादर करा" वर बोट ठेवलं. सुटलो, असं वाटून शिवदासची बोटं आपोआप ढिली पडली आणि पडदा काळा झाला.

खोलीत कुणी हललं नाही. गेला की नाही गेला? तुळशीनं मोबाइल हातात घेतला आणि ती त्याच्याकडं बघत राहिली. शिवदासची दोन बोटं चिमट्याच्या आकारात वाकलेलीच होती, ती सरळ होत नव्हती. त्याला म्हणायचं होतं की चूक माझी आहे, कालपासून सगळी माझीच आहे. नॅपकिनमुळं ते तसंच राहिलं. चार मिनिटांनी मोबाइल थरथरला. उत्तरपत्रिका मिळाली आहे.

तुळशी खाली बसली आणि रडली. मग उठून तिनं त्याची गाठ सोडली.

"सत्तावन्नावा चुकला तुझा," शिवदास म्हणाला.

निकाल दिवाळीच्या सहा दिवस आधी आला. साठपैकी चौपन्न. कुठले चुकले तेही त्यात लिहिलं होतं. सत्तावन्नावा त्यात नव्हता. शिवदासनं ती यादी दोनदा वाचली. मग विठोबाकडं तो स्वतः पेढे घेऊन गेला आणि जाताना ट्रेलरला वाट मिळावी म्हणून गाडी दोन हात सरकवून लावली.

दिवाळीनंतरच्या सोमवारी तो तुळशीला गाडीनं बालवाडीत सोडायला गेला. ती पिवळी साडी नेसली होती, तिनंच घेतलेली. फाटकात पोरं ओरडली, "तुळशीमावशी आली." शिवदासनं काच खाली केली आणि तोंड उघडलं. मावशी न्हाय, आता बाई म्हणायचं, एवढंच सांगायचं होतं. मग त्यानं तोंड मिटलं आणि काच वर केली. एक सेंटीमीटर तेवढी उघडी ठेवली, ऐकू येईल एवढी.

तुळशी पोरांसमोर उभी राहिली. वाट बघत. प्राप्ती नावाची एक चिमुरडी होती, वर्षभरात कुणाशी धड न बोललेली. ती तिच्या साडीकडं बघत होती. बराच वेळ बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "ही साडी नवी हाय?"

"व्हय," तुळशी म्हणाली. "आत चला."

शिवदास यार्डात अर्धा तास उशिरा पोचला. गाडी सुरूच होत नव्हती, बॅटरी उतरलेली, असं त्यानं विठोबाला नंतर सांगितलं. विठोबानं बॉनेट उघडून बघितलं. बॅटरी नवी होती, आठवडाभरापूर्वी त्यानंच बसवून दिलेली, आणि तिला काहीही झालं नव्हतं. त्यानं बॉनेट हळूच लावलं आणि चावी शिवदासच्या हातात ठेवली.